बारीक तंगूस, जोरकस मासा: स्टीलहेडच्या लाइट रॉडसाठी ब्लँक आणि रीळ कसं निवडायचं

रॉडचे ब्लँक, म्हणजे गळाच्या काठीची नुसती नळी, विकणाऱ्यांच्या यादीतली एक ओळ साधारण अशी असते: ११४ इंच, दोन तुकडे, लाइट, मॉडरेट-फास्ट, ४–८ पौंड, १/८–३/८ औंस, आयएम६. सिएटल, पोर्टलंड, टोरांटो किंवा डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या ज्या मराठी माणसांना हिवाळ्यातल्या नदीत स्टीलहेड मासा पकडायचा नाद लागतो, त्यांना दुकानातला तयार रॉड काही काळ पुरतो. पुढे कधीतरी स्वतःच्या हाताला बसेल असा रॉड बांधावासा वाटतो, आणि तेव्हा ही ओळ समोर येते. तिच्यातला एकेक शब्द कळत नाही म्हणून बहुतेक जण किंमत बघून निर्णय घेतात. महागडा ब्लँक, त्याला महागडं रीळ, आणि मग पहिला मोठा मासा दोरा तोडून जातो.

माझं म्हणणं असं की निवडीला सुरुवात ब्लँकपासून करूच नये. आधी नदी, मग दोरा, मग त्या दोऱ्याला सांभाळणारा ब्लँक आणि शेवटी रीळ. हा क्रम धरला तर वरची ओळ आपोआप उलगडत जाते.

हा मासा कोण, आणि त्याला वेगळा रॉड कशासाठी?

स्टीलहेड म्हणजे रेनबो ट्राउटच. मनालीच्या वाटेवर पतलीकुहलला ज्या माशाचं सरकारी पैदास केंद्र आहे, त्याच जातीचा. फरक जगण्याच्या रीतीत आहे. साधा रेनबो ट्राउट आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो. स्टीलहेड नदीत जन्मतो, लहानपणीच समुद्रात उतरतो, तिथे खाऊन-पिऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतचा पॅसिफिक किनारा आणि पलीकडे रशियाचा कामचात्का हे त्याचं मूळ घर. पॅसिफिकमधले सॅमन एकदा अंडी घातली की मरतात. स्टीलहेडला मात्र समुद्रात परत जाऊन पुन्हा नदीत येता येतं. सगळे येत नाहीत, पण काही येतात. पकडलेला मासा नीट सोडण्याला म्हणूनच इतकं महत्त्व आहे. त्याबद्दल पुढे बोलूच.

अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या पंचमहासरोवरांत तो मुळात नव्हता. १८७६ साली मिशिगनमधल्या ओ सेबल नदीत रेनबो ट्राउटची पिल्लं सोडली गेली, आणि त्यानंतर या सरोवरांतून नद्यांमध्ये चढणारे मासे तयार झाले. ते समुद्राऐवजी सरोवरात वाढतात, इतकंच. तिथले लोक त्यांनाही स्टीलहेडच म्हणतात.

नेहमी हाती लागणारा मासा ५ ते १० पौंडांचा, म्हणजे सव्वादोन ते साडेचार किलोंचा असतो. विक्रमी मासा १९७० मध्ये अलास्कात मिळाला होता, ४२ पौंड २ औंसांचा. पण रॉड विक्रमासाठी बांधायचा नसतो. गळाला लागल्याबरोबर स्टीलहेड जे करतो, त्यासाठी बांधायचा असतो. तो सरळ प्रवाहाच्या दिशेने पळतो, पाण्याबाहेर उड्या मारतो, मान झटकतो, आणि मध्येच वळून थेट तुमच्याच दिशेने येतो. या चारही गोष्टी दोऱ्याला वेगवेगळ्या तऱ्हेने छळतात.

लाइट म्हणजे नेमकं काय?

लाइट रॉड म्हणजे बारीक दोऱ्यासाठी बनवलेला रॉड. काठी वजनाला किती, हा प्रश्न इथे दुय्यम आहे.

रिळावर गुंडाळलेल्या मुख्य दोऱ्याच्या टोकाला दीड-दोन फूट ते चार-पाच फूट लांबीचा, त्याहून बारीक दोरा बांधतात. त्याला लीडर म्हणतात. कोकणात ज्याला तंगूस म्हणतात, तोच हा नायलॉनचा किंवा फ्लुओरोकार्बनचा दोरा. गरी या लीडरला बांधलेली असते. पावसाने गढूळ झालेल्या नदीत मासा दोरा पाहू शकत नाही, त्यामुळे १० ते १२ पौंडांचा लीडर बिनधास्त चालतो. पण पाणी उतरलं, स्वच्छ झालं आणि थंडीने नितळ झालं, की त्याच माशाला जाड दोरा दिसतो, आणि जाड दोऱ्यामुळे आमिषही पाण्यात अनैसर्गिकपणे वाहतं. अशा वेळी ६ पौंडांवर, कधी ४ पौंडांवरही यावं लागतं. ईरी आणि मिशिगन सरोवराला मिळणाऱ्या लहान नद्यांवर आणि पॅसिफिककडच्या उन्हाळ्यातल्या उतरलेल्या पाण्यात हे नेहमीचं आहे.

६ पौंड म्हणजे सुमारे २.७ किलो. एवढा ताण बसला की दोरा तुटतो. त्यातही गाठीपाशी त्याची ताकद कमी होते, आणि नायलॉन पाण्यात भिजल्यावर आणखी थोडं कमजोर होतं. दुसऱ्या टोकाला चार किलोंचा मासा आणि त्याच्या मागे वाहती नदी. म्हणजे ओढाताण सरळ झाली तर दोरा हरणार, हे ठरलेलंच आहे.

संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे निराळं शिकवावं लागत नाही. वाऱ्याचा झोत आला की मांजा ताणून धरणाऱ्याचा पतंग तुटतो. जाणता माणूस झोत येताच ढील देतो आणि झोत ओसरला की पुन्हा खेचतो. स्टीलहेडच्या रॉडमध्ये ही ढील दोन ठिकाणांहून मिळते. पहिल्या क्षणाची ढील काठी वाकून देते, आणि पुढची मोठी ढील रीळ देतं. ब्लँक आणि रीळ यांची निवड एकमेकांपासून तोडून का करू नये, याचं उत्तर इथेच आहे.

ब्लँक: नुसती नळी, पण सगळं तिच्यातच

ब्लँक म्हणजे मूठ, दोरा ओवायच्या कड्या आणि रीळ बसवायची जागा यांच्यातलं काहीही न लावलेली, बुडाशी जाड आणि शेंड्याला बारीक होत जाणारी पोकळ नळी. कार्बनचे धागे राळेत भिजवून केलेलं कापड एका निमुळत्या पोलादी दांड्यावर गुंडाळतात, भट्टीत भाजतात आणि दांडा काढून घेतात. अमेरिकेत फेनविक कंपनीने १९७३-७४ च्या सुमारास कार्बनचे रॉड बाजारात आणले. त्याआधी जमाना काचेच्या धाग्याचा, म्हणजे फायबरग्लासचा होता. वॉशिंग्टन राज्यात लुईस नदीकाठी वुडलंड नावाचं छोटं गाव आहे. लॅमिग्लास आणि जी. लूमिस ही रॉडच्या जगातली दोन मोठी नावं त्याच गावातून पुढे आली. स्टीलहेडच्या नद्या कारखान्याच्या दारात असण्याचा परिणाम त्यांच्या ब्लँकच्या यादीत दिसत आला आहे.

यादीतल्या ओळीत ब्लँकबद्दल दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात, आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्यामुळे होतो.

पॉवर म्हणजे काठी वाकवायला किती जोर लागतो ते. अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम-लाइट, मीडियम अशी तिची चढती भाजणी. ॲक्शन म्हणजे काठी कुठे वाकते ते. फास्ट काठी मुख्यतः शेंड्यापाशी वाकते आणि खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट काठी मध्यापर्यंत वाकते. स्लो काठी जवळजवळ मुठीपर्यंत कमान धरते. एखादी काठी लाइट पण फास्ट असू शकते आणि दुसरी मीडियम पण स्लो. या दोन्हींचा एकमेकींशी थेट संबंध नाही.

बारीक दोऱ्यासाठी माझी पसंती ठाम आहे: मॉडरेट किंवा मॉडरेट-फास्ट. फास्ट काठीचा शेंडा झटकन वाकून संपतो आणि पुढचा धक्का ताठ बुडावर जातो, म्हणजे पर्यायाने दोऱ्यावर. मॉडरेट काठी हळूहळू, सगळ्या लांबीभर वाकत जाते, त्यामुळे माशाने मान झटकली तरी ताण एकदम चढत नाही. दुकानात काठी हातात घेऊन हलवली तर फास्ट काठी जास्त चपळ, जास्त चांगली वाटते. त्या वाटण्यावर जाऊ नका. दुकानात काठीला मासा लागलेला नसतो. हां, जिथे आमिष तळाला टेकवत न्यायचं असतं आणि खडकाचा स्पर्श व माशाचा स्पर्श यांतला फरक बोटांना कळायला हवा असतो, तिथे थोडी फास्ट काठी उपयोगी पडते. पण त्या प्रकारात दोराही सहसा जाड असतो.

पौंडांचा आकडा म्हणजे कंपनीच्या मते त्या ब्लँकवर किती ताकदीचा दोरा वापरावा, आणि औंसांचा आकडा म्हणजे किती वजनाचं आमिष त्याने नीट फेकता येतं. हे आकडे ठरवण्याचं सर्वांना बांधील असं प्रमाण नाही. एका कंपनीचा ४–८ दुसऱ्या कंपनीच्या ६–१० इतका ताठ असू शकतो.

आकडा मोठा तर ब्लँक चांगला?

आयएम६, ३३ मिलियन, ३० टन, ४० टन. ही सगळी मापं मॉड्युलसच्या घरातली. मॉड्युलस म्हणजे धागा ताणला जाण्याला किती विरोध करतो ते. काचेच्या धाग्याचा मॉड्युलस सुमारे ७० गिगापास्कल, साध्या कार्बनचा सुमारे २३०. अमेरिकेतल्या मापात (पौंड प्रति चौरस इंच) तोच साधा कार्बन ३३ मिलियन होतो, आणि जपानी पद्धतीने (टन प्रति चौरस मिलिमीटर) २३-२४ टन. म्हणजे एका यादीतलं ३३ आणि दुसऱ्या यादीतलं २४ हे जवळजवळ एकाच धाग्याचं वर्णन असतं. ४० टन म्हणजे ३९० गिगापास्कलच्या आसपास. आयएम६ हे तर मुळात एका कंपनीच्या धाग्याचं व्यापारी नाव. ते दर्जाचं माप म्हणून वाचू नये.

मॉड्युलस वाढला की तेवढाच ताठपणा पातळ भिंतीच्या नळीतून मिळतो. काठी हलकी होते, फेकल्यावर शेंडा लवकर स्थिर होतो, हाताला स्पर्श जास्त कळतो. हे सगळे खरे फायदे आहेत. पण खूप ताठ धागा तुटण्याआधी कमी ताणला जातो, आणि पातळ भिंतीला टोल सोसत नाही. शिशाचं वजन उडून काठीवर आपटलं, काठी खडकावर पडली, गाडीच्या दारात आली, की बारीक ओरखडा राहतो आणि पुढच्या माशाला ती तिथेच मोडते. नदीकाठच्या निसरड्या दगडांवर, सुन्न बोटांनी वापरायच्या रॉडसाठी मधल्या मॉड्युलसचा ब्लँक मला जास्त शहाणपणाचा वाटतो. ज्यांना खरोखरच मऊ, खोल वाकणारी काठी हवी आहे त्यांनी फायबरग्लास किंवा काच-कार्बन मिश्र ब्लँकही हातात घेऊन पाहावा. तो जड असतो, पण दोरा वाचवण्यात उत्तम.

लांबी किती घ्यावी?

यादीतला ११४ हा आकडा इंचांतला, म्हणजे साडेनऊ फूट. लहान-मध्यम नदीवर आमिष फेकून गुंडाळत राहणाऱ्याला ८ फूट ६ इंच ते ९ फूट ६ इंच पुरतं. तरंगतं बूच, म्हणजे फ्लोट लावून आमिष लांबवर वाहतं ठेवायचं असेल तर १० फूट ६ इंचांपासून १३ फुटांपर्यंत जातात. लांब काठीने दोरा पाण्यापासून वर उचलून धरता येतो. पाण्यावर पडलेला दोरा प्रवाहाने वाकतो आणि फ्लोटला ओढत नेतो, ते टळतं. मिशिगनकडे २ ते ४ पौंडांच्या दोऱ्यासाठी अतिशय लवचीक, लांब काठ्यांची एक परंपराच आहे. त्यांना नूडल रॉड म्हणतात.

लांब काठी म्हणजे जास्त ताकद, हा समज मात्र उलटा आहे. काठी ही तरफ आहे, आणि तरफेचं लांब टोक माशाकडे असतं. दोऱ्यावर २ पौंडांचा ताण आहे आणि वाकलेल्या काठीचा शेंडा मुठीपासून आडव्या अंतराने ५ फुटांवर आहे असं धरा. मनगटावर १० फूट-पौंडांचा पीळ येतो. तेच अंतर ७ फूट झालं तर १४. म्हणजे लांब काठीने तुम्ही लवकर थकता आणि माशावर कमी जोर लावू शकता. बारीक दोऱ्याला हे सोयीचंच आहे, पण किनाऱ्यावर झाडी दाट असेल, तर १३ फुटांची काठी बाळगणं हा दिवसभराचा त्रास ठरतो.

कंपनीवर विश्वास नसेल तर ब्लँक मोजायचा कसा?

डॉ. विल्यम हॅनेमन यांनी मुळात फ्लाय रॉडसाठी, म्हणजे कृत्रिम माशी फेकायच्या काठीसाठी, एक पद्धत मांडली. ती कुठल्याही ब्लँकला लागू पडते. नाव कॉमन सेंट्स. ब्लँक बुडाशी आडवा घट्ट धरायचा, शेंड्याला पिशवी लटकवायची आणि तिच्यात अमेरिकेची एक-एक सेंटची नाणी टाकत जायची. शेंडा काठीच्या लांबीच्या एक-तृतीयांश इतका खाली आला की थांबायचं. ११४ इंचांच्या ब्लँकला ही उतरण ३८ इंच. नाण्यांची संख्या म्हणजे ब्लँकची खरी पॉवर. १९८२ नंतरचं सेंटचं नाणं अडीच ग्रॅमचं आहे, त्यामुळे नाण्यांऐवजी तांदूळ भरून वजनकाट्यावर तोलले तरी हिशेब जमतो. त्याच स्थितीत शेंड्याचा भाग आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करतो ते पाहायचं. ६६ अंशांच्या वर गेला तर काठी फास्ट, ५९ च्या खाली राहिला तर स्लो, मधली ती मॉडरेट. दोन वेगळ्या कंपन्यांचे ब्लँक शेजारी ठेवून तुलना करायला याहून प्रामाणिक साधन मला माहीत नाही.

स्टीलहेडसाठी आणखी एक चाचणी मी आवर्जून सांगेन. कड्या तात्पुरत्या चिकटपट्टीने लावा, दोरा ओवा आणि त्याला पाणी भरलेली पाऊण लिटरची बाटली बांधा. ती साधारण पावणेदोन पौंड भरते. ६ पौंडांच्या लीडरवर मासा पळत असताना इतकाच ताण द्यायचा असतो, त्याचं कारण पुढच्या भागात आहे. बाटली जमिनीवर थोड्या अंतरावर ठेवा आणि काठी सावकाश उचला. काठी थेट डोक्यावर उभी नेऊ नका, त्याने शेंडा मोडतो. बाटली हलेपर्यंत काठीने मध्यापर्यंत सुरेख कमान धरली आणि बुडात अजून थोडा जीव उरला, तर ब्लँक तुमच्या दोऱ्याचा आहे. काठी फक्त शेंड्याशी वाकली तर ती जास्त ताठ. मुठीपर्यंत पूर्ण लोळली तर माशाला प्रवाहातून वळवायला तिच्यात काही उरणार नाही.

या चाचणीचा दुसरा फायदा असा की कड्या कुठे बसवायच्या तेही दिसतं. वाकलेल्या काठीला दोरा टेकत असेल किंवा दोन कड्यांमध्ये कोपरा करत असेल तर कडी सरकवायची. साडेनऊ फुटांच्या काठीला दहा-अकरा कड्या लागतात. थंड प्रदेशात शेंड्याकडच्या कड्या फार बारीक घेऊ नयेत, कारण गोठणबिंदूखाली त्यांत बर्फ धरतो आणि दोरा अडकतो.

रिळाचं मुख्य काम: ढील देणं

फिरत्या दांडीच्या, म्हणजे स्पिनिंग रिळांत २५०० किंवा ३००० आकाराचं रीळ या काठीला बसतं. हा आकडाही कंपनीगणिक बदलतो. म्हणून दोन गोष्टी बघा: ६ किंवा ८ पौंडांचं नायलॉन किमान १५० यार्ड मावतंय का, आणि ड्रॅग कसा आहे.

ड्रॅग म्हणजे रिळातला ब्रेक. ठरवलेल्या ताणापलीकडे मासा ओढू लागला की चकती घसरते आणि दोरा सुटतो. जाहिरातीत कमाल ड्रॅग २० पौंड असं ठळक छापतात. ६ पौंडांच्या लीडरवर त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे ड्रॅग लीडरच्या ताकदीच्या पाव हिश्शाच्या आसपास लावायचा, म्हणजे दीड ते पावणेदोन पौंड. पाऊण लिटरची बाटली इथून आली. पावच का? कारण वाकलेल्या काठीच्या कड्यांमधलं घर्षण त्यात भर घालतं, पाण्यात ओढला जाणारा दोरा भर घालतो, आणि रिळावरचा दोरा संपत गेला की ड्रॅग स्वतःच वाढतो. भरलेल्या रिळाची त्रिज्या २३ मिलिमीटर असेल आणि १०० मीटर दोरा गेल्यावर ती २० झाली, तर तीच चकती फिरवायला सुमारे १५ टक्के जास्त ताण लागतो. मासा सर्वांत दूर असतानाच दोरा सर्वांत जास्त ताणलेला असतो, हे त्यामुळे.

खरी परीक्षा ड्रॅग सुटण्याच्या पहिल्या क्षणाची. थांबलेली चकती हलवायला चालत्या चकतीपेक्षा जास्त जोर लागतो. हा फरक मोठा असेल तर मासा निघाल्याबरोबर एक हिसका बसतो आणि लीडर त्या हिसक्याला तुटतो. सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या, दोरा कड्यांतून ओवून त्याला बांधा, काठी थोडी वाकवून धरा आणि दुसऱ्याला काटा हळूहळू ओढायला सांगा. आकडा पावणेदोनवर सुरू होऊन तिथेच राहिला तर रीळ उत्तम. तीनवर जाऊन एकदम दीडवर पडला तर ते कितीही महाग असो, या काठीला लावू नका. शक्य असेल तर हीच परीक्षा रीळ रात्रभर थंडीत ठेवून करा. ग्रीस थंडीत घट्ट होतं आणि उन्हाळ्यात लोण्यासारखा चालणारा ड्रॅग जानेवारीत अडखळतो.

गिअरचं प्रमाण पाच ते सहाला एक असेल तर पुरे. मासा उलटून तुमच्याकडे पळत आला की सैल दोरा भराभर गुंडाळता यायला हवा. बेअरिंग किती आहेत या आकड्याकडे मी बघतही नाही.

दोऱ्याबद्दल एकच शिफारस: सुरुवातीला मुख्य दोरा नायलॉनचाच ठेवा. तो तुटण्याआधी २० टक्क्यांहून जास्त ताणू शकतो, म्हणजे ढील देणारा तिसरा भिडू फुकट मिळतो. विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, जवळजवळ ताणत नाही. शिवाय तो पाणी धरतो आणि कड्यांत बर्फ करतो.

सेंटरपिन रिळाचं काय?

ओंटारिओ आणि मिशिगनच्या काठावर मोठ्या चाकासारखं एक रीळ दिसतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची ही जुनी पद्धत. एका आसावर मोकळं फिरणारं चाक, त्याला ड्रॅग नाही. फ्लोट प्रवाहाच्या गतीने दोरा ओढत नेतो आणि आमिष अगदी नैसर्गिकपणे वाहतं. मासा लागला की ब्रेक तुमच्या अंगठ्याचा किंवा तळव्याचा. साडेचार इंच व्यासाच्या चाकाच्या एका फेऱ्यात १४ इंच दोरा येतो. फ्लोटने मासेमारी करण्यासाठी याच्यासारखं साधन नाही, पण ड्रॅगची सगळी जबाबदारी हातावर येते. पहिल्याच बांधलेल्या रॉडला सेंटरपिन लावणार असाल तर ब्लँक ११ फुटांहून लांब आणि आणखी मऊ घ्या, म्हणजे अंगठ्याची चूक काठी पोटात घालेल. अशा काठ्यांच्या मुठीवर रीळ पक्कं न बसवता सरकत्या कड्यांनी धरतात. जागा बदलता येते.

जड रीळ लावलं की तोल साधतो ना?

हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, आणि तो जवळजवळ निरुपयोगी आहे. लांब काठी पुढे झुकते हे खरं. पण रीळ हाताच्या अगदी जवळ असतं, त्यामुळे त्याच्या वजनाला तरफ मिळत नाही. उलट शेंड्याकडे हातापासून २.४ मीटरवर असलेला एक ग्रॅम तोलायला हाताच्या मागे १० सेंटिमीटरवर २४ ग्रॅम ठेवावे लागतात. रिळात १०० ग्रॅम वाढवण्यापेक्षा शेंड्याकडच्या कड्या ब्लँकला एकाच पायाने बांधायच्या, हलक्या निवडणं आणि त्यांवरचा इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेचा, थर पातळ ठेवणं जास्त गुणकारी. दुसरा उपाय म्हणजे रिळाची बैठक कुठे बसवायची ते ठरवणं. तयार रॉडमध्ये ही जागा तुमच्या हातात नसते. स्वतः बांधताना कड्या चिकटपट्टीने लावून, तुमचंच रीळ धरून, मूठ पुढेमागे सरकवून पाहता येते. मागची मूठ कोपरापर्यंत पोहोचेल इतकी ठेवा. मासा लागल्यावर ती हाताच्या खालच्या बाजूला टेकते आणि मनगटावरचा पीळ कमी होतो.

ब्लँक वाकवला की तो एका बाजूला वळून बसू पाहतो, त्याला स्पाइन म्हणतात. कड्या त्या रेषेतच हव्यात यावरून वाद होत असतात. स्पिनिंग रॉडमध्ये कड्या खालच्या बाजूला असतात, मासा ओढत असताना त्या आपोआप खालीच राहतात. मी स्पाइन सोडून ब्लँक डोळ्याला सर्वांत सरळ दिसेल ती बाजू धरतो.

इतका बारीक दोरा म्हणजे माशाचे हाल नाहीत का?

हा आक्षेप मला सगळ्यांत रास्त वाटतो. जास्त वेळ झुंजलेल्या माशाच्या स्नायूंत आम्ल साचतं, तो दमून जातो, आणि सोडल्यावरही कधीकधी वाचत नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने धोका वाढतो. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या स्टीलहेडच्या अनेक समूहांना १९९७ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली संरक्षण मिळत आलं आहे. वॉशिंग्टन राज्यात आणि ब्रिटिश कोलंबियात रानटी स्टीलहेड सोडूनच द्यावा लागतो. पैदास केंद्रातल्या माशाच्या पाठीवरचा मागचा छोटा मांसल पर कापलेला असतो, त्यावरून तो ओळखायचा. रानटी मासा फोटोसाठीही पाण्याबाहेर पूर्ण उचलायला वॉशिंग्टनमध्ये मनाई आहे.

म्हणून लाइट रॉड बांधताना मर्यादा पाळलीच पाहिजे. पाणी नितळ असेल तेव्हाच ६ पौंड, आणि २ पौंडांचा दोरा मी स्टीलहेडसाठी वापरणार नाही, मग काठी कितीही मऊ असो. ब्लँकच्या बुडात थोडा जीव उरला पाहिजे असं वर म्हटलं ते याचसाठी. त्या ताठपणाने मासा बाजूला वळवता येतो आणि झुंज लवकर आटोपते. काठी उभी न धरता आडवी, पाण्याला समांतर धरून बाजूने ताण दिला की मासा तोल सावरण्यात शक्ती घालवतो आणि लवकर हाती येतो. दोन पॉवरमध्ये निवड अडली असेल, तर थोडी जास्त पॉवर आणि थोडी संथ ॲक्शन घ्या. नदीचं पाणी कोमट झालं असेल त्या दिवशी गळ टाकूच नका.

मग तयार रॉडच का घेऊ नये?

घ्यावा. गढूळ पाण्यातल्या १० पौंडांच्या दोऱ्यासाठी बाजारात भरपूर चांगले तयार रॉड आहेत आणि तिथे काठीने फार नाजूकपणा दाखवायची गरज नसते. बांधून घेण्याचा खरा लाभ बारीक दोऱ्याच्या काठीत आहे, कारण शेंड्यावरचा एकेक ग्रॅम, कड्यांची जागा, मुठीची लांबी आणि ब्लँकची कमान तिथे प्रत्यक्ष फरक पाडतात. खरेदीआधी एवढं विचारून घ्या की ब्लँक मोडला तर हमी फक्त ब्लँकपुरती आहे का. साधारणपणे कंपनी ब्लँक बदलून देते, त्यावरचं तुमचं काम, कड्या आणि दोऱ्याची गुंफण मात्र तुमचीच. दोन तुकड्यांचा ब्लँक घेतला तर मोडलेला एकच भाग बदलता येतो. पहिल्या रॉडसाठी तेवढ्या कारणानेही मी तोच सुचवेन.